‘टेरिबल टिली’: जहाजं वाचवण्यासाठी बांधलेल्या दीपगृहात अस्थिकलश का ठेवले गेले?

अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याच्या किनाऱ्यापासून साधारण २ किलोमीटरवर, प्रशांत महासागरात टिलामूक रॉक नावाचं खडकाळ बेट आहे. बेटावर दगडी दीपगृह आहे, पण त्याचा दिवा १९५७ पासून बंद आहे. इथल्या लाटांमुळे त्याला नाव पडलं ‘टेरिबल टिली’, म्हणजे भयंकर टिली.

बांधकामाआधीच पहिला बळी

सप्टेंबर १८७९ मध्ये पाहणीसाठी बेटावर उतरताना जॉन ट्रेवावस हे बांधकामाचे जाणकार समुद्रात वाहून गेले. स्थानिक लोक या कामाच्या विरोधात गेले, म्हणून बाहेरून मजूर आणावे लागले. लोकांचं ऐकून त्यांनी माघार घेऊ नये यासाठी त्यांना गावापासून लांब ठेवलं गेलं. या मजुरांनी सुरुंग लावून खडकाचा माथा सपाट केला आणि त्यावर दीपगृह उभारलं.

१८ दिवसांचा उशीर

३ जानेवारी १८८१ च्या रात्री, दाट धुक्यात मजुरांना अगदी जवळून माणसांचे आवाज ऐकू आले. ‘लुपेशिया’ हे ब्रिटिश जहाज वाट चुकलं होतं. मजुरांनी कंदील आणि शेकोटी पेटवून इशारा दिला. जहाज वळल्यासारखं वाटलं, पण ते किनाऱ्याजवळ फुटलं. १६ खलाशी गेले, वाचला तो जहाजावरचा कुत्रा. दीपगृहाचा दिवा लागला २१ जानेवारीला.

दिवा ४० मीटर उंचावर, तरी फुटला

कर्मचाऱ्यांना दोराला टांगून जहाजातून बेटावर उतरवलं जायचं. ऑक्टोबर १९३४ च्या वादळात लाटांनी दगड थेट वर फेकले आणि दिव्याचं मोठं भिंग फोडलं. त्यानंतर तिथे साधा दिवा बसवला गेला. अखेर १९५७ मध्ये दीपगृह बंद झालं. त्याची जागा शिट्टी वाजवणाऱ्या तरंगत्या बोयाने घेतली.

मग अस्थिकलश कुठून आले?

१९५९ मध्ये सरकारने बेट विकलं. १९८० मध्ये नव्या मालकांनी ते अस्थिकलश ठेवण्याची जागा म्हणून सुरू केलं. सुमारे ३० कलश तिथे ठेवले गेले. पण नोंदी आणि कलशांची व्यवस्था नियमांप्रमाणे नसल्याने १९९९ मध्ये परवाना गेला.

आज तिथे समुद्रपक्षी आणि सी लायन राहतात. पोहोचायचं तर हेलिकॉप्टरशिवाय सोपा मार्ग नाही. त्यामुळे ज्यांनी आपल्या माणसांच्या अस्थी मोठ्या विश्वासाने तिथे ठेवल्या, त्यांना दर्शन घ्यायचं ते किनाऱ्यावरूनच.