स्वावलंबी शेतकऱ्याची प्रतिमा आणि राजकारण : अमेरिकन सरहद्द व परभणी

पश्चिमेकडे सरकणाऱ्या सरहद्दीने अमेरिकन माणसाला स्वावलंबी बनविले, असे प्रतिपादन इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ साली शिकागो येथे केले. रोनाल्ड रेगन यांच्यासारख्या परंपरावादी नेत्यांनी पुढे याच प्रतिमेचा शासकीय हस्तक्षेपाविरुद्ध उपयोग केला. वस्तुतः १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये १६० एकरांपर्यंत जमीन शासनानेच दिली होती आणि ती मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती.

मराठवाड्यात स्वावलंबी शेतकऱ्याची प्रतिमा शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने रुजविली. संघटनेचे १९८४ चे अधिवेशन परभणीत भरले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही तिची घोषणा. येथील शेतीमागेही शासन उभे होते : जायकवाडीचा डावा कालवा आणि १९७२ साली परभणीत स्थापन झालेले कृषी विद्यापीठ ही त्याची उदाहरणे. तथापि, त्याच वर्षी सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने शेतकऱ्याचे विक्रीस्वातंत्र्य काढून घेतले. म्हणूनच येथील शासनविरोधास प्रत्यक्ष अनुभवाचा आधार होता, हा महत्त्वाचा भेद होय.

परंतु घाम केवळ जमीनमालकाचा नव्हता. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रीचा प्रश्न संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’द्वारे हाती घेतला, भूमिहीन शेतमजूर मात्र या प्रतिमेच्या कडेलाच राहिला.

सारांश, स्वावलंबनाची प्रतिमा आत्मसन्मान देते, त्याचबरोबर इतरांचे हात झाकते. ते हात उजेडात आणणे हे इतिहासलेखनाचे कर्तव्य ठरते.