खटका उडण्याआधी : एक प्रस्तावना

कचेरीत दोघांचे बिनसले की तिसऱ्याकडे कारण तयार असते : त्याचा स्वभावच तसा. बँकेची शाखा असो, एसटीचा डेपो असो की हिंजवडीतली सॉफ्टवेअर कंपनी, निदान सगळीकडे हेच. उपायही ठरलेला. एकाची बदली करायची आणि दुसऱ्याला ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणायचे. पण बदलीवर आलेला नवा माणूसही चार-सहा महिन्यांत त्याच टेबलावरून, शेजारच्या त्याच टेबलाशी, त्याच मुद्द्यावर भांडू लागतो. तेव्हा स्वभावाचे निदान लंगडे पडते. सहकाऱ्यांमधल्या संघर्षाचा अभ्यास या ठिकाणी सुरू होतो.

माणूस कुठे बसला आहे, तिथून त्याला काय दिसते आणि निरोप त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने येतो, हे आधी तपासावे. स्वभावाकडे अगदी शेवटी वळावे, असे हा अभ्यास सांगतो. सामाजिक मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्र या तीन घरांतून तो वाढला. त्यामुळे त्याची परिभाषा थोडी विस्कळीत आहे आणि नव्या वाचकाला ती सुरुवातीला अडखळवते. त्याची धास्ती घेऊ नये. ज्याने काही वर्षे नोकरी केली आहे त्याच्याजवळ या विषयाचा कच्चा माल भरपूर असतो. हवी असते ती त्याकडे बघण्याची रीत.

आधी दिसण्याचा प्रश्न घेऊ. १९५८ साली डिविट डिअरबॉर्न आणि हर्बर्ट सायमन (पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले तेच) यांनी एक छोटा, फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच मोठ्या कंपनीतल्या २३ अधिकाऱ्यांना एका पोलाद कंपनीची लांबलचक हकीकत वाचायला दिली आणि विचारले, या कंपनीच्या नव्या प्रमुखाने सर्वांत आधी कोणता प्रश्न हाती घ्यावा? उत्तर देताना आपल्या खात्याचा नव्हे, सगळ्या कंपनीचा विचार करा, असेही बजावले होते. विक्री खात्यातल्या सहापैकी पाच जणांना विक्रीचा प्रश्न मुख्य वाटला. इतर १७ जणांत तसे म्हणणारे पाचच निघाले, आणि त्या पाचांतले तिघे हिशेब खात्यातले होते. त्यांच्या रोजच्या कामात कोणत्या मालावर किती नफा सुटतो याचा हिशेब येत असे. हकीकत सर्वांपुढे एकच होती, कुणी खोटे बोलत नव्हते आणि कुणाला आपल्या खात्याची तळी उचलायची नव्हती. तरी ज्याला त्याला आपल्या खिडकीतले दिसले.

नमुना लहान होता हे खरे. २३ माणसांवरून सिद्धान्त उभा राहत नाही. पण सभेत ‘तुम्हांला मूळ मुद्दाच कळत नाही’ असे एकमेकांना ऐकवणाऱ्या दोन खातेप्रमुखांकडे बघताना हा प्रयोग आठवावा. दोघांचेही मूळ मुद्दे खरे असू शकतात.

दिसण्यापाठोपाठ हेतू चिकटवणे येते, आणि खरा बिघाड इथे होतो. लेखा विभागातला कारकून प्रवासभत्त्याचे बिल पुन्हा परत पाठवतो. फिरतीवरचा माणूस म्हणतो, मुद्दाम अडवतो. कारकुनाच्या डोळ्यांसमोर ऑडिटचा आक्षेप आणि त्याखाली द्यावा लागणारा खुलासा असतो. त्याच्या लेखी फिरतीवरची ही मंडळी बेपर्वा. स्वतःच्या वागण्याला परिस्थिती कारण आणि दुसऱ्याच्या वागण्याला स्वभाव कारण, या आपल्या सर्वांच्या सवयीकडे एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७१ मध्ये लक्ष वेधले. ली रॉस यांनी १९७७ मध्ये दुसऱ्याची परिस्थिती विसरण्याच्या या खोडीला ‘मूलभूत’ चूक म्हटले. या सगळ्याचा पाया फ्रिट्झ हायडर यांच्या १९५८ मधल्या पुस्तकात आहे. पुढच्या काळात या सिद्धान्ताला बरेच अपवाद सापडले आणि ‘मूलभूत’ हे विशेषण जरा जास्तच झाले, असे माझे मत आहे. मात्र बिल परत येते तेव्हा अपवाद कुणालाच आठवत नाहीत.

आता निरोपाच्या वाटेकडे येऊ. या विषयातला माझा सर्वांत आवडता अभ्यास हॉटेलांच्या मुदपाकखान्यांतला आहे, आणि नव्या वाचकाने तिथूनच आत शिरावे अशी माझी शिफारस आहे. विल्यम फूट व्हाइट हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. त्यांनी १९४० च्या दशकात शिकागोतल्या हॉटेलांचा अभ्यास केला आणि १९४८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. गर्दीच्या वेळी वाढणाऱ्या मुली आणि काउंटरमागचे पुरुष यांच्यात सतत खडाजंगी होई, मुली रडत. मालक म्हणत, बायका हळव्या. नाहीतर म्हणत, स्वयंपाकी तापट. व्हाइट यांनी तिथे उभे राहून वेगळी गोष्ट टिपली : कोण कुणाला हुकूम सोडतो?

गिऱ्हाईक मुलीला सांगते, मुलगी आतल्या माणसाला सांगते. म्हणजे पगाराने, कौशल्याने आणि त्या काळच्या समजुतीनुसार पुरुष म्हणूनही वरचढ असलेल्या माणसाला दिवसभर खालच्या पायरीवरून हुकूम ऐकावे लागतात, तेही ओरडून सांगितलेले. त्याला ते झोंबते. मग तो आपली पायरी राखण्याच्या युक्त्या काढतो. ऑर्डर साचू देतो, स्वतःच्या क्रमाने पुऱ्या करतो, हाक ऐकूनही मान वर करत नाही. मुलीला दिसते ते एवढेच, की तिचे गिऱ्हाईक ताटकळले आहे आणि हा माणूस हटवादी आहे.

काही हॉटेलांत मात्र हा ताण कमी होता. तिथे मुली ऑर्डर चिठ्ठीवर लिहून काउंटरवरच्या खिळ्याला अडकवत आणि आतला माणूस सवडीने ती चिठ्ठी काढून घेई. कुठे मधला काउंटरच इतका उंच होता की मुलींना पलीकडे नीट दिसतही नसे. माणसे त्याच प्रकारची होती, पगारही तसेच होते. फरक पडला तो निरोप तोंडून न जाता कागदावरून गेल्यामुळे. कागद हुकूम सोडत नाही. तो वाट बघतो. कोणती चिठ्ठी आधी घ्यायची हे ठरवण्याचा मान पुन्हा आतल्या माणसाच्या हाती आला.

व्हाइट यांच्या या चिठ्ठीवाल्या हॉटेलांत संवाद वाढला नव्हता, उलट कमी झाला होता, आणि त्यामुळे शांतता आली होती. ‘मोकळेपणाने बोला म्हणजे सगळे मिटेल’ असे प्रशिक्षण शिबिरांतून सर्रास सांगितले जाते. हा विषय गंभीरपणे शिकणाऱ्याने त्या सल्ल्यावर पहिली शंका इथेच घ्यावी. बोलणे किती झाले यापेक्षा ते कोणी सुरू केले, कोणत्या माध्यमातून आणि कोणाच्या देखत, हे बघावे लागते.

अर्थात कागदाचे गुण मेलला आपोआप लागू होत नाहीत. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायची होती. समोरच्याला आपला सूर शंभरातल्या साधारण ७८ वेळा कळेल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता, मग ते बोलून सांगोत की मेलने. आवाजातून तो ७३ वेळा कळला. मेलमधून फक्त ५६ वेळा, म्हणजे नाणे उडवून सांगण्यापेक्षा किंचित बरे. लिहिणाऱ्याच्या मनात त्याचा सूर वाजत असतो, म्हणून तो अक्षरांतही उतरला आहे असे त्याला वाटते. यात साहेबांना सीसीत ठेवण्याची आपल्याकडची चाल आणि ग्रुपवरच्या निळ्या खुणा मिळवल्या, की धुसफुशीला वेगळे कारण लागत नाही.

या प्रांतात सर्वांत आधी पाऊल टाकणाऱ्या मेरी पार्कर फॉलेट मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. बॉस्टनमध्ये लोकवस्तीतल्या केंद्रांचे काम करता करता त्या राज्यशास्त्राकडून उद्योगाकडे वळल्या. १९२५ च्या व्याख्यानात त्यांनी संघर्षाला चांगले-वाईट म्हणायचे नाकारले. तो म्हणजे फरक. त्याचे काय करायचे ते आपल्या हाती. एकाने दुसऱ्याला दाबावे, दोघांनी थोडेथोडे सोडावे, किंवा दोघांच्या गरजा बसतील असा तिसरा मार्ग काढावा. हार्वर्डच्या ग्रंथालयातला त्यांचा दाखला साधा आहे. एका छोट्या खोलीत कुणाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. समोरच्याला हवा यावी एवढेच हवे होते आणि बाईंना अंगावर वारा नको होता. बाईंनी हेही स्पष्ट सांगितले होते की प्रत्येक फरक असा जुळवता येत नाही. त्यांचा दाखला देणारे हे वाक्य बहुधा गाळतात.

ते वाक्य गाळले की काय होते हे हॉथॉर्नमध्ये दिसते. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या त्या कारखान्यात १९२८ नंतरच्या दोनतीन वर्षांत वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. ठरीव प्रश्नांनी काही हाती येईना, तेव्हा मुलाखतकार ऐकायला शिकले. ही त्या प्रकल्पाची मोठी कमाई. तक्रारीला एक वरचा अर्थ असतो आणि एक आतला, असे तिथल्या संशोधकांनी मांडले. त्यांचा प्रसिद्ध दाखला असा : एक कामगार नगाचे दर कमी असल्याचे म्हणतो, बोलता बोलता कळते की त्याची बायको रुग्णालयात आहे आणि डॉक्टरांच्या बिलांची चिंता त्याला खाते आहे.

दाखला हृद्य आहे. पण वाचकाने इथे थांबून विचारावे, दर खरोखरच कमी नव्हते कशावरून? बायकोच्या आजारपणाने तक्रार खोटी ठरत नाही. पगार अपुरा आहे हे अशा वेळीच तर कळते. हॉथॉर्नच्या अभ्यासाशी ज्यांचे नाव जोडले गेले ते एल्टन मेयो आणि त्यांची परंपरा यांच्यावर युनियनकडे आणि हितसंबंधांकडे डोळेझाक केल्याची टीका झाली, ती मला रास्त वाटते. ओव्हरटाइमचे पैसे बुडवणाऱ्या ठिकाणी ‘आमच्यात कम्युनिकेशन गॅप आहे’ असे वरिष्ठ म्हणतात, तेव्हा या शास्त्राचा वापर पडदा म्हणून होत असतो.

मतभेद हितकारक असतात का, यावर अजून वाद आहे. कॅरेन जेन यांनी १९९५ मध्ये कामाविषयीचे मतभेद आणि माणसांमधले वितुष्ट वेगळे काढले. काही ठिकाणी पहिले उपयोगी ठरतात अशी आशा त्यातून निर्माण झाली. २००३ मध्ये कार्स्टन डे ड्रू आणि लॉरी वाइनगार्ट यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरासरीने दोन्ही नुकसानकारकच निघाले. मधल्या काळात, २००० साली, टोनी सायमन्स आणि रँडल पीटरसन यांना दिसले की एकमेकांवर विश्वास कमी असेल तिथे कामावरचा आक्षेप चटकन वैयक्तिक होतो. ‘या आराखड्यात चूक आहे’ हे वाक्य ‘तुम्ही चुकार आहात’ असे ऐकू येते. दिसणे आणि बोलणे यांची गाठ पडते ती इथे.

आपल्याकडचा एक अभ्यास मुद्दाम वाचावा. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन आणि दर्जा सुधारत नव्हता. कामाचे इतके तुकडे पाडले होते की कोण कुणासाठी काम करतो हे कुणालाच नीट सांगता येत नव्हते. ठरावीक मागांची सगळी जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी ही कल्पना पुढे येताच कामगारांनी ती उचलली आणि गट स्वतःच बांधले. राइस यांचे पुस्तक १९५८ चे. मराठी मुलखातल्या गिरण्यांवर इतके लिहिले गेले, पण बहुतेक संपाबद्दल. साच्यापाशी शेजारी-शेजारी उभ्या माणसांमधल्या रोजच्या कुरबुरींबद्दल फार थोडे.

ती उणीव भरून काढायला अजून वाव आहे. साखर कारखान्याचे शेतकी खाते आणि उत्पादन विभाग, सरकारी रुग्णालयातल्या परिचारिका आणि निवासी डॉक्टर, जिल्हा परिषदेतले टपाल आणि फाईल, पुण्यातल्या टीमचा परदेशातल्या ग्राहकाशी रात्री चालणारा कॉल : यांतले एक ठिकाण निवडा. दोन्ही बाजूंची हकीकत वेगवेगळी उतरवून घ्या, निरोप कुठून कुठे जातो ते कागदावर काढा, आणि ते पुरे होईपर्यंत कुणाच्याही स्वभावाबद्दल एक अक्षर लिहू नका.