अंगकोरचा पास : एक दिवस, तीन दिवस की सात?

कंबोडियातील सिएम रीप शहरात उतरलेल्या भारतीय पर्यटकाला पहिला पेच देवळांविषयी पडत नाही, तो तिकिटाविषयी पडतो. वेरूळला गेलो की वेरूळचे तिकीट, अजिंठ्याला गेलो की अजिंठ्याचे, ही आपली सवय. अंगकोरची रीत निराळी आहे. सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या पुरातत्त्वीय उद्यानात पसरलेल्या बहुतेक सर्व मंदिरांसाठी तेथे एकच पास लागतो आणि तो मंदिरांच्या संख्येवर नव्हे, तर दिवसांच्या संख्येवर मिळतो. म्हणजे काय पाहायचे हे ठरण्याआधीच किती दिवस पाहायचे हे ठरवावे लागते. ज्याने अजून एकही मंदिर पाहिलेले नाही, त्याच्याकडून हा निर्णय मागितला जातो. घाईत चुकीचा पास घेतला की मग उरतात ती भल्या पहाटे काढलेली चार छायाचित्रे आणि बसच्या खिडकीतून दिसलेली शिखरे.

पास तीन प्रकारचे आहेत. परदेशी पाहुण्यांसाठी एका दिवसाला ३७ डॉलर, तीन दिवसांना ६२ डॉलर आणि सात दिवसांना ७२ डॉलर, असे दर १ फेब्रुवारी २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वी ते अनुक्रमे २०, ४० आणि ६० डॉलर होते. जुनी प्रवासवर्णने वाचून अंदाजपत्रक आखणाऱ्यांची येथेच फसगत होते. कंबोडियाच्या नागरिकांना प्रवेश विनामूल्य आहे. आपल्याकडे जागतिक वारसास्थळी परदेशी पाहुण्याकडून कितीतरी पट अधिक शुल्क घेतले जाते आणि आपण स्वस्त तिकिटाच्या रांगेत निर्धास्त उभे असतो. अंगकोरला मात्र परदेशी पाहुणे आपणच असतो.

तीन दिवसांचा पास सलग तीन दिवस वापरावा लागत नाही. पूर्वी ती अट होती. २००९ साली ती सैल झाली. आता दहा दिवसांच्या आत कोणतेही तीन दिवस निवडता येतात. सात दिवसांचा पास महिनाभरात केव्हाही वापरता येतो. ज्या दिवशी कोणत्याही मंदिराच्या दारात पास तपासला गेला, तो दिवस खर्ची पडला, मग आत तासभर थांबा की दिवसभर. महासाथीच्या काळात पर्यटक यावेत म्हणून त्याच दरात जादा दिवस देण्याची योजना काही महिने चालली होती. त्या आठवणीवर आजचा हिशेब बांधू नये.

आता थोडे गणित. एक दिवसाचे दोन पास घेतले तर ७४ डॉलर होतात. तीन दिवसांचा एक पास ६२ डॉलरला मिळतो आणि सात दिवसांचा ७२ डॉलरला. म्हणजे "आज एक दिवस पाहू, आवडले तर उद्या पुन्हा काढू" हा विचार सर्वांत महागडा ठरतो, सात दिवसांच्या पासाहूनही महाग! ज्याला दोन दिवस जायचे आहे त्याने तीन दिवसांचाच पास घ्यावा. तिसरा दिवस वाया गेला तरी १२ डॉलर वाचतातच. खरी निवड म्हणूनच एक आणि तीन यांच्यात आहे. चौघांच्या कुटुंबाला हा फरक १०० डॉलरचा पडतो आणि तो किरकोळ नव्हे. मात्र बारा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही, वयाचा पुरावा म्हणून पारपत्र जवळ हवे. त्यामुळे दोन लहान मुले बरोबर असतील तर फरक निम्म्यावर येतो.

एका दिवसात काय होते

एका दिवसात अंगकोर पाहून होत नाही, हे विधान सर्वत्र वाचायला मिळते आणि ते अर्धेच खरे आहे. फ्रेंच अभ्यासकांच्या काळापासून तेथे दोन फेऱ्या रूढ आहेत : सुमारे १७ किलोमीटरची लहान फेरी आणि सुमारे २६ किलोमीटरची मोठी फेरी. लहान फेरीत अंगकोर वाट, अंगकोर थॉम नगरीतील बायोन आणि झाडांच्या मुळांनी वेढलेले ता प्रोम ही तिन्ही प्रमुख स्थाने येतात. पहाटे पाचला अंगकोर वाटपासून आरंभ केला तर ती एका दिवसात पायाखालून घालता येते. पायाखालून घालणे आणि पाहणे यांत मात्र अंतर आहे.

अंगकोर वाट हेच त्याचे उत्तम उदाहरण. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा सूर्यवर्मन दुसरा याने उभारलेले हे विष्णुमंदिर पश्चिमाभिमुख आहे. भोवती १९० मीटर रुंदीचा खंदक, मधल्या शिखराची उंची सुमारे ६५ मीटर. पश्चिमाभिमुख असल्यामुळे सूर्य मंदिरामागून उगवतो आणि पाच शिखरांची काळी आकृती जलाशयात उमटते. त्या दृश्यासाठी पहाटे शेकडो लोक जमतात. दृश्य सुंदर आहेच. पण त्याच कारणाने सकाळी मंदिराचा दर्शनी भाग अंधारात असतो. सूर्य वर येताच गर्दी न्याहारीला पांगते, आणि एक दिवसाचा पास असलेला पर्यटक बायोनकडे पळतो. ज्याच्यासाठी भारतीय माणसाने एवढा प्रवास करावा, ती भित्तिशिल्पे मागेच राहतात.

ही शिल्पे मंदिराच्या खालच्या टप्प्यावरील चारही बाजूंच्या ओवऱ्यांत आहेत. पश्चिमेच्या दाराने आत शिरून उजवीकडे वळले की कुरुक्षेत्राचे युद्ध सुरू होते. शरपंजरी पडलेले भीष्म ओळखायला वाटाड्या लागत नाही. पुढे दक्षिणेकडे राजाची मिरवणूक, त्यानंतर स्वर्ग आणि नरक. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथनाचा सुमारे ४९ मीटर लांबीचा पट आहे. वासुकीला एका बाजूने असुर आणि दुसऱ्या बाजूने देव खेचत आहेत, मध्ये विष्णू. फेरी पूर्ण करून पश्चिमेला परतले की लंकेचे युद्ध. हा सारा क्रम प्रदक्षिणेच्या उलट, अपसव्य आहे. मंदिराचा संबंध राजाच्या मृत्यूनंतरच्या विधींशी असावा, असे मानणारे अभ्यासक त्याकडे बोट दाखवतात. नीट पाहायचे तर या चार ओवऱ्यांनाच दोन-अडीच तास हवेत आणि पश्चिमेकडील पटांना उत्तम प्रकाश मिळतो तो दुपारनंतर. म्हणून एक दिवसच हाती असेल तर सूर्योदयाचा मोह आवरून सकाळी बायोन आणि ता प्रोम उरकावे व दुपारी तीननंतर अंगकोर वाटला यावे. छायाचित्र एक कमी निघेल, मंदिर अधिक दिसेल.

या मंदिराशी भारताचे आधुनिक नातेही आहे. कंबोडिया यादवीतून सावरत नसताना, १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने अंगकोर वाटच्या जतनाचे काम केले. पुढे ता प्रोमचे काम भारताकडे आले आणि तेथील नर्तकींच्या दालनाचे लोकार्पण २०२२ साली झाले. ता प्रोम हे जयवर्मन सातवा याने ११८६ साली आपल्या मातेच्या स्मरणार्थ उभारले. वडिलांसाठी उभारलेले प्रेआ खान ११९१ चे. तेही तितकेच विस्तीर्ण आणि त्या मानाने निवांत. पण ते मोठ्या फेरीत येते, म्हणजे दुसऱ्या दिवसात.

दुसरा आणि तिसरा दिवस

तीन दिवसांच्या पासाचे खरे मोल येथून कळते. मोठ्या फेरीत प्रेआ खानखेरीज राजेंद्रवर्मन याच्या काळातील पूर्व मेबोन आणि प्री रूप ही दहाव्या शतकातील विटांची मंदिरे येतात. त्यांच्याही आधीची, नवव्या शतकातील बाकोंग, प्रेआ को आणि लोलेई ही मंदिरे सिएम रीपच्या पूर्वेस रोलुओस येथे आहेत. ती जुनी राजधानी हरिहरालय. ज्याला ख्मेर वास्तुकला कशी घडत गेली हे समजून घ्यायचे आहे त्याने रोलुओसपासून सुरुवात करावी. आधी अंगकोर वाट पाहिले की बाकोंग उगाच लहान वाटते.

आणि मग बान्ते स्रेई. ९६७ साली प्रतिष्ठापना झालेले हे शिवमंदिर राजाने नव्हे, तर यज्ञवराह या विद्वान राजपुरुषाने बांधवले. गुलाबी छटेच्या वालुकाश्मावर चंदनावर करावे तसे कोरीव काम आहे. कैलास हलवणारा रावण, खांडववनाचे दहन, वाली-सुग्रीवाचे द्वंद्व हे प्रसंग छोट्या छोट्या चौकटींत बसवले आहेत. वेरूळच्या कैलास लेण्यातला रावण ज्याच्या डोळ्यांत आहे, त्याने हा दुसरा रावण पाहिल्याविना परतू नये. मंदिर मुख्य समूहापासून २५ किलोमीटरच्या आसपास दूर आहे, त्यामुळे एक दिवसाच्या पासात ते बसवण्याचा प्रयत्न केला की बाकी सारे विस्कटते. त्याच रस्त्याने पुढे कबाल स्पिएन येथे नदीच्या पात्रातील खडकावर कोरलेली शिवलिंगे आणि शेषशायी विष्णू आहेत; दोन्ही ठिकाणे त्याच पासावर.

पासाची हद्दही ठाऊक हवी. जंगलाने गिळलेले बेंग मेलिया पूर्वी वेगळ्या तिकिटावर होते, २०२० पासून ते या पासात आले. मात्र ८०२ साली जयवर्मन दुसरा याने जेथे सार्वभौमत्व घोषित केले, त्या नोम कुलेन डोंगरासाठी वेगळे पैसे पडतात. २०२३ साली स्वतंत्रपणे जागतिक वारसायादीत गेलेल्या कोह केरचेही तिकीट निराळे. गाडीवाला दूरच्या सहलीचा दर सांगतो तेव्हा हे प्रवेशशुल्क त्यात धरले आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

सात दिवसांचा पास कोणी घ्यावा? रेखाटने करणारे, छायाचित्रकार, मूर्तिशास्त्राचे विद्यार्थी आणि ज्यांना दुपारचे ऊन सोसत नाही असे ज्येष्ठ. हा शेवटचा वर्ग कोणी ध्यानात घेत नाही. एप्रिलमध्ये तेथे उन्हाचा कहर असतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या बऱ्या मोसमातही दुपार जड जाते. पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत. सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्याने रोज सकाळी तीन तास फिरून मुक्कामी परतण्याचा बेत आखला तर त्याला चार-पाच दिवस लागतात. तीन दिवसांच्या पासाहून हा पास केवळ १० डॉलरने अधिक आहे. त्या दहा डॉलरमध्ये गुडघ्यांना विसावा मिळतो.

सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. व्हिएतनामला जोडून कंबोडियाच्या सहली निघतात, त्यांत अंगकोरच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. पैसे भरण्यापूर्वी पास किती दिवसांचा, बान्ते स्रेई आहे की नाही आणि अंगकोर वाटला किती तास, हे तीन प्रश्न विचारावेत. विमानतळाचाही विचार हवा. शहरालगतचा जुना विमानतळ जाऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा सुरू झाला. तो शहरापासून चाळीसहून अधिक किलोमीटर दूर आहे. उतरल्याच्या दुपारी "निदान एखादे मंदिर" पाहण्याचा बेत त्यामुळे सहसा फसतो आणि पासाचा एक दिवस जातो. बँकॉकहून रस्त्याने येण्याची जुनी वाट २०२५ च्या सीमासंघर्षात बंद झाली होती. तिची स्थिती निघण्यापूर्वी पाहून घ्यावी.

पास शहरातून मंदिरांकडे जाताना लागणाऱ्या अधिकृत तिकीटगृहात पहाटे पाचपासून मिळतो. शासकीय अंगकोर एंटरप्राइझच्या संकेतस्थळावरही तो आधी घेता येतो. रस्त्यात वा हॉटेलात कोणी अर्धवट वापरलेला पास स्वस्तात देऊ केला तर घेऊ नये. पासावर धारकाचे छायाचित्र असते आणि मंदिरागणिक ते ताडून पाहिले जाते. तिकीटगृहात संध्याकाळी पाचच्या सुमारास घेतलेला पास दुसऱ्या दिवसापासून मोजला जातो आणि त्याच संध्याकाळी सूर्यास्तासाठी आत सोडण्याची सवलत दीर्घकाळ चालत आली आहे. नोम बाखेंग टेकडीवर एका वेळी ३०० जणांनाच सोडतात, तेव्हा चारच्या आधी पोहोचावे. दर पासामागे दोन डॉलर कांथा बोफा या बालरुग्णालयांना जातात, जेथे मुलांवर विनाशुल्क उपचार होतात.

खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर पास असूनही जाऊ देत नाहीत, बारा वर्षांखालील मुलांनाही तेथे मनाई आहे आणि बौद्ध उपोसथाच्या दिवशी तो टप्पा बंदच असतो. एकच दिवस हाती असेल तर तो त्या तिथीला येत नाही ना, हे पास घेण्याआधी पाहावे.