बुडबुड्यांची भाषा

नागासाकी हे नाव आपणा वसईकरांना दोन कारणांनी परिचयाचे आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी क्रुसावर प्राणार्पण केले. आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी त्याच नगरीवर अणुबॉम्ब पडला. तिसरे कारण मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही. समुद्राच्या पोटातील मासे दाखवणारे यंत्र सामान्य कोळ्याच्या होडीवर आणले, ते याच नागासाकी प्रांतातील दोन भावांनी, तेही महायुद्ध संपल्यावर अवघ्या तीन वर्षांत.

शिमाबारा द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला कुचिनोत्सू नावाचे बंदर आहे. १५७९ साली येशूसंघीय फादर वालिन्यानो जपानमध्ये प्रथम उतरले ते येथेच. त्याच गावात १९३८ साली कियोताका फुरुनो या तरुणाने विजेच्या कामांचे छोटे दुकान थाटले. रेडिओ दुरुस्त करावेत, मासेमारी होड्यांवर तारा ओढाव्यात, दिवे बसवावेत, हा त्याचा व्यवसाय.

होडीवरचे वायरिंग घरातल्यासारखे नसते. खाऱ्या हवेने तांब्याच्या तारेवर हिरवा गंज चढतो; ढिला राहिलेला सांधा इंजिनाच्या हादऱ्यांनी निखळतो; तार लांब आणि बारीक असली तर बॅटरीचा जोर टोकाच्या दिव्यापर्यंत पोचत नाही. अशी कामे दुकानात बसून होत नाहीत. होडीवर जावे लागते आणि तेथे गेले की दर्यावर्दी माणसांच्या गोष्टी कानांवर पडतात. एका अनुभवी मच्छीमाराने कियोताकाला असेच सांगितले की, जेथे मासे असतात तेथे पाण्यातून बुडबुडे वर येतात. बुडबुड्यांवरून थवा केवढा आहे तेही कळते.

कियोताकाने ते बोलणे हसण्यावारी नेले नाही. बुडबुडे असतील, तर त्यांच्यावर आदळून आवाज परत येईल, असा विचार त्याने केला. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. सोडलेला आवाज सेकंदाच्या दहाव्या भागात परतला, तर तो ७५ मीटर खोलीवरून आला असे समजावे. समुद्राची खोली मोजणारी यंत्रे याच तत्त्वावर आधीच चालत होती. नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी १९३५ साली लोफोतेनच्या समुद्रातील कॉड माशांच्या प्रतिध्वनींची नोंद प्रसिद्धही केली होती. युद्धानंतर उरलेली अशी सामग्री मिळवून कियोताका आणि धाकटा भाऊ कियोकाता यांनी प्रयोग आरंभले. १९४८ साली त्यांचे यंत्र विक्रीस आले.

परंतु यश लगेच पदरी पडले नाही. जेलीफिश आणि सूक्ष्म जीवांचे थरही प्रतिध्वनी देत. होडीच्या तळाशी धावणारे हवेचे बुडबुडे ध्वनीची वाटच अडवत. ज्या बुडबुड्यांनी कल्पना सुचवली, तेच आता आड आले! यंत्राने मासे दाखवावेत आणि जाळे रिकामे यावे, असे घडू लागल्यावर कोळ्यांचा विश्वास उडाला. तेव्हा १९४९ साली कियोकाता स्वतः गोतो बेटांकडील होडीवर चढला. छळाच्या काळात पळून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी जेथे गुप्तपणे श्रद्धा जपली, तीच ही बेटे. तेथे मच्छीमारांच्या संगतीत तो कागदावरच्या रेषा वाचायला शिकला. आजवर मागे पडणारी होडी भरून परतू लागली, तेव्हा कोठे लोकांची खात्री पटली.

यंत्र कारागिराचे, परंतु त्याचे बीज त्या मच्छीमाराच्या निरीक्षणात होते. जुने ज्ञान नव्या विद्येचे वैरी नसते. ऐकणारा कान मात्र हवा.

आज आपल्या किनाऱ्यावरील तांडेलही असे यंत्र समोर ठेवून जाळे टाकतात. खोली आणि काळोख हे माशांचे जुने आसरे आता उरले नाहीत. मासा कोठे आहे हे यंत्र सांगते. किती धरावा आणि किती सोडावा हे सांगत नाही. ते आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. पावसाळ्यात ते होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला विसावा देत. बुडबुड्यांची भाषा आपण शिकलो. ही दुसरी भाषा विसरलो, तर भरलेल्या पडद्याखाली एक दिवस रिकामे जाळे येईल.