हप्त्याची तारीख : बारामती-इंदापूरच्या ऊसकऱ्याची दोनशे वर्षे

थ्रेड

१. १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे हे बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांना वेढा घातला. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि खातेवह्या. हाती लागले ते कागद जाळण्यात आले. 'दख्खनचे दंगे' म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या उठावाची ही सुरुवात. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे.

२. या दंग्यांचा विषय निघाला की सावकार आठवतो. त्याच्यामागे उभा असलेला सरकारी हप्ता मात्र सहसा विसरला जातो. पीक केव्हा येते आणि पैसा केव्हा भरावा लागतो किंवा मिळतो, या दोन तारखांमधील अंतर हा बारामती-इंदापूर पट्ट्याच्या शेतीचा जुना प्रश्न आहे. आज साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासद जे विचारतो, त्याचे मूळ तिथवर जाते.

३. पेशवाईच्या अस्तानंतर १८२८च्या सुमारास पुणे भागात जमिनीची मोजणी व आकारणी करण्याचे काम आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याकडे आले. उत्पन्नातून खर्च वजा करून निव्वळ उत्पन्न काढावे आणि त्यातील मोठा हिस्सा सारा म्हणून घ्यावा, असे त्याचे गणित होते. कागदावर ते बिनचूक दिसे. शेतात ते टिकले नाही. आकारणी डोईजड झाली, जमिनी पडीक पडल्या आणि कित्येक कुटुंबे निजामाच्या मुलखात निघून गेली.

४. या अपयशानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी पद्धत आखली. जमिनीची प्रत पाहून व्यवहारी दर ठरवायचे आणि ते ३० वर्षे बदलायचे नाहीत. पुढे मुंबई इलाखाभर पसरलेल्या या पद्धतीची पहिली अंमलबजावणी १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात झाली. दर किती, याइतकेच ते किती वर्षे टिकणार, याला महत्त्व देणारे हे धोरण होते. पडीक रान पुन्हा लागवडीखाली आले.

५. तीस वर्षांची मुदत संपली ती १८६६च्या सुमारास. त्याआधी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव गगनाला भिडले होते. त्या तेजीच्या छायेत इंदापूरच्या साऱ्याचे दर वाढवण्यात आले. युद्ध मात्र १८६५ मध्येच संपले होते आणि तेजी ओसरू लागली होती. चढ्या काळाच्या अंदाजाने ठरलेला सारा पडत्या काळात भरण्याची वेळ शेतकऱ्यावर आली.

६. त्यात साऱ्याच्या हप्त्याची तारीख अनेकदा माल विकला जाण्याआधीच येई. मग हप्ता भरण्यासाठी सावकाराचे दार, आणि सावकाराकडे रोख्यावर अंगठा. सुप्यात जळालेले कागद हे अशा तारखांच्या अंतरातून जन्मलेले होते. दंग्यांची सरकारी चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्याच सुमारास या पट्ट्याचे रूप पालटणारे आणखी एक काम सुरू झाले होते.

७. १८७६ ते १८७८ हा भीषण दुष्काळाचा काळ. या दुष्काळाने सरकारला पाटबंधाऱ्यांकडे वळवले आणि नीरा डावा कालवा उभा राहिला. वीर येथून निघून पुरंदर, बारामती आणि इंदापूरच्या कोरड्या माळांवर तो पाणी नेऊ लागला. पाठीशी साठा म्हणून वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण बांधण्यात आले. ते अपुरे ठरल्यावर खाली मोठे नवे धरण बांधून १९२८ मध्ये पूर्ण झाले. लॉइड धरण ते हेच.

८. कालवा आला, पण गिऱ्हाईक आले नाही. चांगला पाऊस झाला की ज्वारी-बाजरीला कालव्याचे पाणी नको असे. पाऊस चुकला की सगळ्यांना एकाच वेळी हवे असे. पाणीपट्टी वर्षभर मिळाल्याखेरीज कालव्याचा खर्च निघत नव्हता. बारमाही पाणी पिणारे आणि पट्टी भरू शकणारे पीक एकच होते, ते म्हणजे ऊस. दुष्काळापासून संरक्षण म्हणून काढलेला कालवा अशा रीतीने उसाच्या आधाराने जगू लागला.

९. मग उलटा पेच पडला. वरच्या अंगाचे शेतकरी ऊस लावून पाणी ओढू लागले आणि टोकाकडच्यांना पाणी पोचेना. जादा पाण्याने जमिनीही बिघडू लागल्या. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुणे भागात पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी 'ब्लॉक पद्धत' सुचवली : ठरलेल्या गटातील सुमारे एक तृतीयांश क्षेत्रावर ऊस, उरलेल्यावर कमी पाण्याची पिके, आणि पाण्याची हमी काही वर्षांसाठी. नीरा कालव्यावर हा प्रयोग झाला. इंदापुरात साऱ्याच्या दराला मुदत मिळाली होती. येथे पाण्याला मिळाली.

१०. त्या काळी ऊस म्हणजे गूळ. शेतकऱ्याचे स्वतःचे किंवा भाड्याचे गुऱ्हाळ, चुलाणावर उकळणारी काहिली आणि बाजारात जाणाऱ्या ढेपा. सासवडचे माळी शेतकरी या बागायतीतील निष्णात मानले जात. नीरेच्या पाण्यावर हात बसलेली ही मंडळी पुढे गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर गेली आणि १९३०च्या दशकात त्यांनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. उसाला खत, मजूर, बैल सगळे आधी लागते. पैसा मात्र गूळ विकल्यावर. म्हणून सावकार कालव्याकाठीही टिकून होता.

११. त्याला पर्याय म्हणून सहकारी पतपुरवठा आला. १९०४ मध्ये सहकारी संस्थांचा कायदा झाला. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. नीरा कालव्यावरील ऊस उत्पादकाला सावकारी पाशातून सोडवणे, हा विचार तिच्या जन्मामागे होता. तिच्या सुरुवातीच्या शाखांत बारामतीची शाखा होती. आजची राज्य सहकारी बँक हे याच रोपट्याचे झाड.

१२. जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. १९३२ मध्ये सरकारने देशी साखर धंद्याला जकातीचे संरक्षण दिले आणि खासगी कारखाने निघाले. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर वसवले. अशा कारखान्यांनी ऊस मुख्यतः स्वतःच्या मळ्यांवर पिकवला. त्यासाठी खंडाने घेतलेल्या जमिनींचा प्रश्न १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा आणि १९६३चे शेती महामंडळ ओलांडून खंडकऱ्यांच्या लढ्याच्या रूपाने एकविसाव्या शतकापर्यंत चालत राहिला.

१३. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना उभा राहिला. १९५०-५१ मध्ये त्याचे पहिले गाळप झाले. नीरा खोऱ्याने तोच रस्ता धरला. १९५०च्या दशकात बारामती तालुक्यात माळेगाव आणि इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, तर पुढच्या दशकाच्या आरंभी सोमेश्वर. ऊस ज्याचा, कारखानाही त्याचाच, अशी ही रचना होती.

१४. ती टिकली कशी? माळेगाव परिसराचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या डोनाल्ड ॲटवूड या मानवशास्त्रज्ञाने याचे उत्तर यंत्राच्या भुकेत शोधले. कारखाना पूर्ण क्षमतेने चालायला रोज ठरावीक ऊस लागतो आणि तोडलेला ऊस ठेवला तर त्यातील साखर झपाट्याने घटते. केवळ मोठ्या बागायतदारांच्या उसावर ही भूक भागत नाही. लहान शेतकरी दुखावला आणि त्याचा ऊस गुऱ्हाळाकडे वळला, तर मोठ्याचेही नुकसान. या परस्परावलंबनाने संचालक मंडळाला भावाच्या बाबतीत सभासदाचे ऐकावे लागले.

१५. आता या शेतीचे वेळापत्रक पाहू. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि १६ ते १८ महिने रानात उभा असतो. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. दसऱ्याच्या आसपास बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते आणि गळीत हंगाम सुरू होतो. लागणीच्या नोंदीनुसार तोडीचा क्रम लागतो. तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटते आणि पुढच्या खोडव्याचे गणित बिघडते. २०२१-२२ मध्ये राज्यात ऊस इतका झाला की गाळप जूनपर्यंत रेंगाळले.

१६. तोडणारे हात बहुतेक बाहेरचे : बीड, अहिल्यानगर आणि मराठवाड्यातील कोरडवाहू गावांतून कोयता घेऊन आलेली जोडपी. त्यांचा हिशेब मुकादमाकडून आधीच घेतलेल्या उचलीने सुरू होतो आणि हंगामभर राबून ती फेडावी लागते. सभासदाला पैसा उशिरा मिळाल्याची तक्रार असते. या मजुराला तो आधी मिळतो आणि त्याच पैशाने तो बांधला जातो. सावकाराचा जुना रोखा येथे वेगळ्या नावाने शिल्लक आहे.

१७. भावाच्या बाबतीत मुख्य दस्तऐवज म्हणजे १९६६चा ऊस नियंत्रण आदेश. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास व्याज द्यावे, ही त्यातील तरतूद शेतकरी आंदोलनांचा आधार ठरली. २००९ पासून किमान वैधानिक किमतीची जागा रास्त आणि किफायतशीर दराने, म्हणजे एफआरपीने घेतली. २०२५-२६च्या हंगामासाठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. महाराष्ट्रात त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरलेली रक्कम सभासदाच्या खात्यात येते.

१८. अडचण अशी की, ऊस चार-पाच महिन्यांत येतो आणि साखर वर्षभर विकली जाते. ती किती विकायची, याचा मासिक कोटाही २०१८ पासून केंद्र पुन्हा ठरवू लागले. म्हणून कारखाना साखर तारण ठेवून बँकेची उचल घेतो आणि त्यातून हप्ता देतो. व्याज शेवटी सभासदाच्याच खिशातून जाते. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि पुढे अनेक वर्षे तिथेच थांबली. २०१८-१९ मध्ये २७५ रुपये असलेली एफआरपी मात्र जवळपास दरवर्षी चढत गेली.

१९. धोरणाची लहर नवी नाही. ऑगस्ट १९७८ मध्ये केंद्राने साखर पूर्ण नियंत्रणमुक्त केली, भाव कोसळले, १९७९ संपण्यापूर्वी नियंत्रण परत आले. त्या सव्वा वर्षाच्या काळात लावलेला ऊस एका व्यवस्थेत रुजला आणि दुसऱ्या व्यवस्थेत तुटला. १९८०च्या ऊस-कांदा आंदोलनात शरद जोशी यांनी टनाला ३०० रुपयांची मागणी केली, ती या पार्श्वभूमीवर.

२०. अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. जुलै २०२२ मध्ये आडसाली लावणाऱ्याने काय पाहिले होते? केंद्र इथेनॉलला प्रोत्साहन देत होते आणि कारखाने कर्ज काढून प्रकल्प वाढवत होते. तो ऊस तोडीला आला तेव्हा, ७ डिसेंबर २०२३ रोजी, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई करणारा आदेश निघाला. आठवडाभरात काही सवलत मिळाली. निर्बंध पुरते उठले ते ऑगस्ट २०२४ मध्ये. पीक दीड वर्षाचे, आदेश एका दिवसाचा.

२१. हप्त्यावरून संघर्ष होत राहिला. २०११ मध्ये राजू शेट्टी यांनी पंढरपूरहून पायी येऊन बारामतीत उपोषण केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली; मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. कारखान्याची बाजू अशी की साखर विकण्याआधी पूर्ण रक्कम उभी करणे म्हणजे कर्ज वाढवणे. शेतकऱ्याची बाजू अशी की त्याचे पीककर्ज, खताची उधारी आणि मुलांची फी दोन टप्प्यांची वाट पाहत नाहीत. सहकारात या दोन बाजू एकाच सभासदाच्या अंगावर येतात, कारण कारखान्याचे कर्जही त्याचेच असते.

२२. पाण्याचा जुना पेचही कायम आहे. नीरा डाव्या कालव्याच्या टोकाकडील इंदापूरची गावे आजही आवर्तनाच्या तारखेकडे डोळे लावतात. डाव्या आणि उजव्या कालव्यात पाणी कसे वाटावे, यावरून २०१९ मध्ये एकीकडे बारामती-इंदापूर आणि दुसरीकडे फलटण-माळशिरस असा वाद पुन्हा पेटला. ब्लॉक पद्धतीचा मूळ प्रश्न, म्हणजे उसाला किती पाणी आणि कोणाच्या वाट्याचे, अजून निकाली निघालेला नाही. जादा पाण्याने क्षारपड झालेली रानेही आहेतच.

२३. १८३६ मध्ये इंदापुरात शेतकऱ्याला ३० वर्षांचा शब्द मिळाला आणि माळ पिकला. १८६६ नंतर चुकीच्या वेळी दर वाढले आणि नऊ वर्षांत सुपे पेटले. आज हप्ता सरकारला द्यायचा नसून कारखान्याकडून घ्यायचा आहे, आणि कागद जाळण्याऐवजी न्यायालयात सादर होतात. हा बदल लहान नाही आणि तो घडवण्यात सहकाराचा वाटा मोठा आहे. निर्यात, इथेनॉल आणि साखरेच्या किमतीचे निर्णय निदान एका आडसाली पिकाइतके, म्हणजे १८ महिने, स्थिर ठेवणे ही मागणी मात्र आजही पुरी व्हायची आहे. येत्या जुलैत सरी सोडणारा शेतकरी ज्या धोरणावर विसंबून कांडी लावील, ते त्याचा ऊस गव्हाणीत पडेपर्यंत टिकेल, याची हमी त्याला अद्याप कोणी दिलेली नाही.

थ्रेड समाप्त.