स्वच्छ कुंड्यांनी दिलेला चकवा

तुरीचे किंवा भुईमुगाचे रोप मातीसकट अलगद उपटले, तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. नखाने गाठ फोडून पाहावी. आत गुलाबी रंग असेल तर ती कामावर आहे! हवेतला नायट्रोजन पिकाच्या उपयोगी पडतो तो इथे. पण एवढे उमगायला शास्त्रज्ञांना जवळजवळ ५० वर्षे लागली. त्यातली बरीचशी वर्षे वाया गेली ती अति काळजीमुळे.

डाळवर्गीय पिकानंतर धान्य जोमदार येते, हे शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक होते. १८३८ मध्ये फ्रान्सच्या बूसँगो यांनी मोजमापे करून दाखवले, की वाटाणा आणि क्लोव्हर यांच्या रोपांत बियाण्यातून आणि खतातून मिळालेल्या नायट्रोजनपेक्षा जास्त नायट्रोजन सापडतो, गहू-ओटमध्ये नाही. तो येतो कुठून? हवेतल्या धुळीतून? अमोनियातून? शंका फिटावी म्हणून १८५० नंतर त्यांनी बंद भांड्यांत, अधिक काटेकोरपणे प्रयोग केले. वाढ नाहीशी झाली!

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी १८५७ पासून याहूनही कडक बंदोबस्त केला. माती भाजून घेतली, रोपांवर काचेची झाकणे घातली, आत जाणारी हवा आम्लातून धुऊन घेतली. रोपे उपाशी राहिली. वनस्पती हवेतला मुक्त नायट्रोजन घेत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. त्यांच्याच शेतातले क्लोव्हर मात्र उलट साक्ष देत होते. प्रयोगात चूक नव्हती. मातीबरोबर काय भाजले गेले, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हते.

पुढची गोष्ट जर्मनीतल्या बेर्नबुर्गची. हेलरीगेल आणि विलफार्ट वाळूच्या कुंड्यांत पिके वाढवत होते. ओट आणि बार्ली शहाण्यासारखी वागत: जेवढे नायट्रेट द्यावे तेवढी वाढ. वाटाण्याचे काही खरे नसे. नायट्रेट न दिलेल्या शेजारशेजारच्या दोन कुंड्यांपैकी एकीत रोप पिवळे, दुसरीत हिरवेगार. आपल्या प्रयोगवहीत असे आकडे आले तर आपण काय करतो? बहुधा खोडतो. हेलरीगेल यांनी नेमका हा लहरीपणाच तपासायला घेतला. हिरव्या रोपांच्या मुळांवर गाठी होत्या, पिवळ्यांच्या नव्हत्या. मग त्यांनी सुपीक माती पाण्यात कालवून ते पाणी कुंड्यांत घातले. वाटाणा तरारला. तेच पाणी उकळून घातले, तर काहीच नाही. याचा अर्थ पाण्यात काहीतरी जिवंत होते. शिवाय वाटाण्याला चाललेले पाणी ल्युपिनला चालेना. त्याला ल्युपिनच्याच शेतातली माती लागे.

१८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत त्यांनी हे मांडले. श्रोत्यांत गिल्बर्ट होते. पुढे रॉथॅमस्टेडने स्वतःचे प्रयोग, यावेळी मातीचे पाणी घालून, पुन्हा केले आणि हेलरीगेल बरोबर असल्याचे मान्य केले. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठींतला जीवाणू वेगळा वाढवला. १८९६ मध्ये नोब्बे आणि हिल्टनर यांनी त्याचे पेटंट घेतले, आणि ‘नायट्राजिन’ विक्रीला आले.

आज आपला शेतकरी पेरणीआधी गुळाच्या पाण्यातून बियाण्याला रायझोबियम चोळतो आणि बी सावलीत सुकवतो. हरभऱ्याचे पाकीट वेगळे आणि भुईमुगाचे वेगळे, ते ल्युपिनच्या त्या हट्टामुळेच. वर्गात करून पाहायचे असेल तर दोन कुंड्या, उकळून धुतलेली वाळू आणि शेतातली मूठभर माती पुरे. ती मूठ एकाच कुंडीत टाका.