रक्तातली खूण: मायलोमा खरंच गेला का?

आजचा प्रश्न साधा आहे. उपचार झाले, रिपोर्ट चांगला आला. म्हणजे कॅन्सर गेला का? मल्टिपल मायलोमाच्या बाबतीत या प्रश्नामागे जवळजवळ 180 वर्षांचा इतिहास आहे.

1845 साली लंडनमध्ये हाडं दुखून बेजार झालेला एक व्यापारी उपचार घेत होता. त्याची लघवी विचित्र वागायची. आम्ल घातल्यावर जो साका यायचा, तो तापवला की विरघळायचा आणि निवला की पुन्हा दिसायचा. डॉक्टरांनी ती हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवली. त्यांनी त्यातलं प्रथिन ओळखलं, रुग्ण मात्र 1846 च्या सुरुवातीलाच गेला. हे प्रथिन म्हणजे अँटिबॉडीचाच एक तुकडा, हे कळायला 1962 साल उजाडलं.

आता बघा, रोग असतो हाडांच्या मगजात. पण तिथल्या बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी सगळ्या एकाच छापाचं प्रथिन बनवतात आणि ते रक्तात उतरतं. 1937 मध्ये टिसेलियस यांनी विजेच्या साहाय्याने प्रथिनं वेगळी करण्याचं तंत्र मांडलं, आणि पुढे हे प्रथिन ठळक पट्ट्यासारखं दिसू लागलं. उपचारांनी पट्टा नाहीसा झाला की सगळे सुटकेचा श्वास सोडायचे. तरी अनेकांचा रोग परतायचा, कारण थोड्या उरलेल्या पेशी या चाचणीला दिसतच नव्हत्या.

म्हणून शोध मगजाकडे वळला. 2016 च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार 1,00,000 पेशींत एक रोगट पेशी असली तरी ती सापडली पाहिजे. 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने, नव्या औषधांच्या चाचण्यांत हे माप वापरायला 12 विरुद्ध 0 मतांनी पाठिंबा दिला.

पण त्यासाठी कमरेच्या हाडात सुई घालावी लागते, तीही पुन्हा पुन्हा. शिवाय रोग ठिकठिकाणी विखुरलेला असतो. सुई नेमकी रिकाम्या जागी गेली तर? म्हणून संशोधक पुन्हा रक्ताकडे आले. मास स्पेक्ट्रोमेट्री प्रत्येक रुग्णाच्या प्रथिनाचं नेमकं वजन ओळखते आणि पूर्वीच्या पट्ट्यापेक्षा फार कमी प्रमाणातही ते पकडते.

इथेही एक मेख आहे. आयजीजी प्रकारचं प्रथिन निम्मं व्हायलाच सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे पेशी मेल्या तरी खूण काही महिने रेंगाळते. आणि काही पेशी प्रथिन सोडतच नाहीत. त्यामुळे रक्ताची चाचणी आज मगजाच्या चाचणीला जोड देते, तिची जागा घेत नाही.

तेव्हा रिपोर्टवर 'आढळला नाही' असं दिसलं, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: कोणत्या चाचणीत, आणि किती बारकाईने पाहिल्यावर?